बाजू पालटेपर्यंत

ग्रामोफोनच्या जुन्या तबकडीवरचं गाणं ऐकताना शेवटच्या दहा-बारा सेकंदांकडे माझं विशेष लक्ष असतं. गवयाचा कस तिथे लागतो. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन, फार तर सव्वातीन मिनिटं मावायची. बारा इंचीवर आणखी मिनिटभर. वेळ संपत आली की समोरून खूण व्हायची आणि गवयाला असेल तिथून समेवर यावं लागायचं. काही जण सुटणारी एसटी पकडावी तसे येतात. तान अर्धी गिळलेली, मुखडा कसाबसा गाठलेला, की लगेच सुईची खरखर. काही जण मात्र असे येतात की घड्याळ त्यांनीच लावलं होतं असं वाटावं.

जाणकार मंडळी या तबकड्यांना गाणं मानायला फारशी तयार नसतात. तास-दीड तास फुलणारा ख्याल तीन मिनिटांत कोंबायचा म्हणजे रागाची चेष्टा, असं त्यांचं म्हणणं. लहानपणापासून घरात हेच ऐकलं. आमच्याकडे बैठकीला मान होता आणि तबकडीला नुसती माया. पण जसजसं वय वाढतंय तसं मला वाटायला लागलंय, की आपला मराठी कान घडवला तो बैठकीपेक्षा तबकडीनेच. बैठकीला जाणारे किती होते? आणि गेलेल्यांपैकी दुसऱ्या दिवशी ते गाणं जसंच्या तसं पुन्हा कोणाला ऐकता आलं?

अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी रागातली ठुमरी घ्या. ‘पिया बिन नहीं आवत चैन’. खाँसाहेब मूळचे उत्तरेकडच्या कैरान्याचे, पण राहिले मिरजेत. आजही मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं आणि तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीत त्यांचं नाव घरच्यासारखं घेतात. त्या तबकडीत घाई नावाला नाही. बारीक, उंच लागलेला आवाज, प्रत्येक स्वर जागच्या जागी, आणि मधली विश्रांतीसुद्धा पूर्ण घेतलेली. एवढ्याशा वेळात इतकी सवड या माणसाला मिळाली कुठून, असं मला दर वेळी वाटतं. ही ठुमरी म्हणजे आटवलेला ख्याल नाही. रागातलं जे सांगायचं नाही ते आधीच बाजूला ठेवून हा माणूस गायला बसला आहे.

ही तबकडी गदगच्या एका मुलाच्या कानावर पडली आणि 1933 साली, अकराव्या वर्षी, तो गुरू शोधायला घर सोडून निघाला. भीमसेन जोशींची ही गोष्ट महाराष्ट्रात आणि कर्नाटकात सगळ्यांना पाठ आहे. आपण ती सांगतो भीमसेनांच्या वेडाची म्हणून. मला मात्र त्यात तबकडीचं सामर्थ्य दिसतं. खाँसाहेबांच्या पायाशी न बसता, त्यांना न बघता, दुकानात वाजणाऱ्या तीन मिनिटांवर एका मुलाने आयुष्य लावलं. दोनच वर्षांनी, 1935 च्या ‘देवदास’मध्ये, सैगलनी हीच ठुमरी पडद्यावर म्हटली आणि मिरजेची झिंझोटी पार कलकत्त्याच्या स्टुडिओतून देशभर फिरून आली. कुमार गंधर्वही लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून त्या हुबेहूब म्हणून दाखवायचे. पुढे त्यांनी कोणाचंच हुबेहूब म्हटलं नाही, हा भाग वेगळा.

तबकडीची ही दुनिया मुळात बाहेरच्यांनी उभी केली. 1902 साली फ्रेड गायसबर्ग नावाचा माणूस ग्रामोफोन कंपनीची यंत्रं घेऊन कलकत्त्याला उतरला आणि गौहरजानचं गाणं मुद्रित करून घेतलं. मुद्रण इथे, तबकड्या छापायच्या जर्मनीत हॅनोवरला. तिथल्या कारागिरांना कोणाची तबकडी हे कळावं म्हणून गाणं संपलं की गायिकेने स्वतःचं नाव सांगायचं. गौहरजानचं ते इंग्रजीतलं ‘माय नेम इज गौहरजान’ आजही ऐकायला मिळतं. गाण्याइतकाच त्या घोषणेत तोरा आहे. मायक्रोफोन तेव्हा नव्हता. कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गायचं, की त्या आवाजाच्या जोरावर पलीकडची सुई मेणात रेघ ओढणार. विजेवरचं मुद्रण 1925 नंतर आलं. त्याआधीच्या तबकड्यांत तंबोरा जवळजवळ ऐकूच येत नाही आणि गवई ओरडतोय असं वाटतं. तो खरंच ओरडत असायचा. बिचाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. आणखी एक गंमत म्हणजे तबकडी बनायची लाखेची, आणि जगाला लाख पुरवणारा मोठा देश आपलाच. लाख बोटीने जायची आणि गाणं होऊन परत यायची.

हे सगळं आपल्या नाटकांना येऊन भिडलं तेव्हा काय झालं, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

संगीत नाटकाचं पद म्हणजे काही ठरीव वस्तू नव्हती. बालगंधर्वांच्या नाटकाची रात्र कशी असायची, हे ज्यांनी पाहिलं त्यांनी भरभरून लिहून ठेवलंय. पद सुरू झालं की टाळ्या, वन्समोअर, पुन्हा वन्समोअर, आणि नाटक पहाटेवर जायचं. साथीला कादरबक्षांची सारंगी, तबल्यावर अहमदजान थिरकवा. असे साथीदार असताना कोण लवकर थांबेल? ‘स्वयंवर’ 1916 साली आलं, त्याच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या. त्यातलं ‘नाथ हा माझा’ बालगंधर्व हजारदा म्हणाले असतील आणि तितक्या वेळा ते वेगळं झालं असेल. यमनच तो, त्यात गवयाला थांबवणार कोण.

तबकडीवर मात्र ते एकदाच झालं, एका दिवसापुरतं आणि एका बाजूवर मावेल एवढं. त्या दिवशी घेतलेली हरकत, त्या दिवशी शब्दाला दिलेला हेलकावा, सगळं कायमचं नोंदलं गेलं. थिएटरातल्या त्या हजार रात्री विरून गेल्या आणि ही तीन मिनिटं उरली. मग पुढच्या पिढ्यांनी या तीन मिनिटांनाच ‘मूळ’ म्हणायला सुरुवात केली.

माझी आई स्वयंपाक करताना नाट्यपदं गुणगुणायची. तिने बालगंधर्वांना रंगमंचावर पाहिलेलं असणं शक्यच नव्हतं. तिच्या जन्माच्या सुमारास त्यांचा बहर ओसरला होता. तिचं सगळं गाणं तबकड्यांवरून आणि नंतर कॅसेटवरून आलेलं. ती पद जिथे थांबवायची तिथेच तबकडी संपायची. त्यापुढे पद आहे याची तिला जाणीव नव्हती असं नाही, पण तिच्या गळ्याला ते ठाऊक नव्हतं. एक पद दोन बाजूंवर पसरलेलं होतं. ते म्हणताना मधल्या त्या जागी, जिथे तबकडी पालटायची तिथे, ती नकळत थांबायची. डाव हलवायची, फोडणीकडे बघायची, आणि पुढचा अंतरा घ्यायची. कॅसेटमध्ये दोन्ही बाजू सलग जोडलेल्या होत्या, तरी तिच्यातली ती पालटायची जागा गेली नाही.

असे कान घेऊन आपण पुढे नाट्यसंगीताच्या कार्यक्रमांना जाऊन बसलो. एखादी तरुण गायिका ‘मम आत्मा गमला’ म्हणते आणि तिने बिहागात स्वतःची वाट काढली, की मागच्या रांगेतून कुजबुज येते: मूळ असं नाहीये. मूळ म्हणजे कुठलं? ‘स्वयंवर’ लिहिणाऱ्या खाडिलकरांच्या डोक्यातलं, चाल बांधणाऱ्या भास्करबुवांच्या गळ्यातलं, की बालगंधर्वांनी एखाद्या मंगळवारी मुद्रणाच्या खोलीत, घड्याळाकडे बघत म्हटलेलं? कुजबुजणाऱ्याला तिसरं हवं असतं. आणि मला त्याचा राग येतो, कारण ज्या माणसाच्या नावाने तो हे मागतोय त्या माणसाने स्वतः एकच पद दोनदा सारखं म्हटलं नाही.

2011 च्या ‘बालगंधर्व’ चित्रपटात सुबोध भावेंना आनंद भाट्यांनी आवाज दिला, त्याबद्दल त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. चित्रपटगृहात माझ्या शेजारी बसलेल्या आजोबांनी पहिलं पद संपल्यावर समाधानाने मान हलवली. ती दाद दिसायला गाण्याला होती. माझ्या मते ती तबकडीशी जुळल्याची पावती होती. भाट्यांनी काम अस्सल केलं, त्यात वाद नाही. शब्द उच्चारण्याची ती लडिवाळ तऱ्हा आणणं सोपं नाही. पण एका पूर्ण पिढीने बालगंधर्व पहिल्यांदा ऐकले ते तबकडीबरहुकूम गाणाऱ्या गळ्यातून. म्हणजे तीन मिनिटांवरून बेतलेली तीन मिनिटं. रंगभूमीवरची ती वाहती, हट्टी, लोकांच्या टाळ्यांवर लांबत जाणारी चीज चित्रपटाला दाखवता आली नाही. दाखवली असती तर मध्यंतर पहाटे झालं असतं.

ज्यांनी तबकडी केलीच नाही, त्यांचं काय झालं? जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब 1946 पर्यंत होते. त्यांच्या शिष्यांच्या तबकड्या बाजारात खपत होत्या, आणि त्यांच्या स्वतःच्या आवाजाचा एक कणही उरलेला नाही. भास्करबुवांचंही तेच, ते 1922 साली गेले. या दोघांचं गाणं आता फक्त वाचायला मिळतं. गोविंदराव टेंबे यांच्या आठवणींत, वामनराव देशपांड्यांच्या ‘घरंदाज गायकी’त, देवधरांनी लिहिलेल्या व्यक्तिचित्रांत. मी ही पुस्तकं कान लावून वाचते, दुसरा इलाज नाही. टेंबे स्वतः पेटीवाले, ‘मानापमान’च्या चाली त्यांच्या, त्यामुळे ते स्वरांबद्दल लिहितात तेव्हा हवेतलं लिहीत नाहीत. आणि मराठीत गाण्यावर इतकं चांगलं गद्य लिहिलं गेलं त्याचं एक कारण मला हेच वाटतं, की जे ऐकलं ते पुन्हा ऐकायची सोय नव्हती. लिहिणाऱ्याला ते शब्दांत धरून ठेवायची तातडी होती. आता गाण्याबद्दल लिहिताना आपण एक दुवा चिकटवतो आणि ‘शब्दच नाहीत’ म्हणून मोकळे होतो.

अल्लादिया खाँसाहेबांचं भाग्य असं, की त्यांचा प्रत्येक वाचक त्यांना आपल्या मनातल्या उत्तम आवाजात ऐकतो. त्यांच्याशी जुळवून बघायला मूळ प्रत नाही. त्यांच्या गायकीचे वारसदार एकमेकांपासून खूप वेगळे झाले, मल्लिकार्जुन मन्सूरांपासून मोगूबाई कुर्डीकरांपर्यंत, याच्याशी तबकडी नसण्याचा काही संबंध असावा असं मला उगाच वाटत राहतं. नसेलही.

बायकांच्या बाबतीत तबकडीने जे केलं ते मात्र उघड आहे. कलावंतिणीच्या बैठकीला घरची बाई जाणं शक्य नव्हतं. घरातला पुरुष जायचा आणि घरी येऊन काही सांगायचा नाही. तबकडी मात्र दिवाणखान्यात आली आणि दिवाणखान्यातून आवाज माजघरात गेला. ज्या बाईचं नाव घरात उच्चारायचं नाही तिची ठुमरी दुपारी आवराआवर झाल्यावर लावली जाऊ लागली. कंपन्यांनाही हे चांगलं कळत होतं. तबकडीच्या कागदावर कुठे ‘अमॅच्युअर’ असं छापायचे, कुठे नावापुढे पदवी. म्हणजे घाबरू नका, गाणारी व्यक्ती चांगल्या घरची आहे. किराणा घराण्याच्या हिराबाई बडोदेकर, जयपूर घराण्याच्या केसरबाई केरकर, गोव्याच्या कितीतरी जणी आधी तबकडीवर घरोघरी पोचल्या आणि सभागृहात ताठ मानेने बसल्या त्या नंतर, असं सरसकट म्हणता येणार नाही. हिराबाईंनी तिकीट लावून जलसे करायचं धाडस वेगळंच दाखवलं होतं. पण समोरच्या खुर्च्यांवर ज्या बायका येऊन बसल्या, त्यांना घरातून बाहेर काढायला तबकडीचा हात लागला असणार.

आणि भावगीत तर जन्मालाच आलं तबकडीच्या मापाचं. ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’, मेहकरसारख्या ठिकाणी वकिली करणाऱ्या कवीची कविता, जी. एन. जोशींनी तिसाच्या दशकाच्या सुरुवातीला गायली आणि मराठी माणसाला घरबसल्या गुणगुणायला नवीन वस्तू मिळाली. ख्याल कापावा लागला होता, पद आवरावं लागलं होतं. कवितेची चार कडवी मात्र तबकडीवर नेमकी बसली. मग त्या मापाचं पीकच आलं. मुखडा, दोन-तीन अंतरे, मधे बासरी नाहीतर व्हायोलिन, की झालं. याच जोशींनी पुढे मुंबईत एचएमव्ही या तबकड्यांच्या कंपनीत अधिकारी म्हणून कितीतरी गवयांचं गाणं मुद्रित करून घेतलं. स्वतः मायक्रोफोनसमोर उभा राहिलेला माणूस काचेपलीकडे बसला, ही आपल्या संगीतातली फार चांगली नेमणूक होती.

कवितेलाही त्याची किंमत मोजावी लागली. भावगीत झालेल्या कवितेचं पुस्तक उघडलं, की कधी कधी मधेच एक अनोळखी कडवं समोर येतं. तबकडीवर मावलं नाही म्हणून गळलेलं. ते वाचताना मी अडखळते. छान असतं, कवीने त्यासाठी रात्र जागवलेली असेल, पण चाल नसल्यामुळे ते परकं वाटतं. गायलेली तीन कडवी आपोआप सुरात वाचली जातात आणि हे चौथं नुसतं बोललं जातं. एखाद्या कवितेत कवीचा सगळा घाव त्याच कडव्यात असतो आणि गाण्यातून नेमका तोच गेलेला असतो. मग गाणं गोड लागतं आणि कविता कडू. मराठी वाचकाने अशा वेळी कोणाची बाजू घ्यावी? मी आलटून पालटून दोघांची घेते. गुणगुणायला गाणं, आणि एकटीने बसून वाचायला कविता.

आता सगळं इंटरनेटवर आलंय. हौशी संग्राहकांनी जुन्या बाजारातून, अडगळीच्या खोल्यांतून तबकड्या वेचल्या, धुतल्या, वाजवल्या आणि चढवल्या. त्यांचे उपकार मोठे आहेत. पण तिथेही ‘मूळ’ काही हाती लागत नाही. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची तबकडी म्हणतात खरी, पण सुरुवातीच्या काळातल्या तबकड्यांचा वेग एकसारखा नव्हता. कुठे मिनिटाला फेऱ्या कमी, कुठे जास्त. वाजवणाऱ्याने वेग चुकवला, की सूर वर नाहीतर खाली. एकच पद मला तीन ठिकाणी तीन पट्ट्यांत सापडलंय. एकात गायक विशीतला वाटतो, एकात पन्नाशीतला. खाली प्रतिक्रियांत लोक भांडत असतात की हाच खरा आवाज, ‘काय तो टिपेचा सूर, आता असे गळे कुठे’. तो टिपेचा सूर निम्मा मोटरचा असतो. माझ्या ओळखीचे एक पेटीवाले गृहस्थ साथीची पट्टी कानाने ताडून योग्य वेग कोणता ते सांगतात. काळी दोन आणि पांढरी तीन या लगतच्या पट्ट्यांच्या मधे कुठेतरी ऑर्गन वाजत असेल तर वेगात गडबड आहे, कारण तसा ऑर्गन कोणी ठेवत नाही. साधा हिशेब, पण तो करायला कोणाला सवड नाही.

वेगाच्या बाबतीत नीट काळजी घेतलेली एक तबकडी मला माहीत आहे. 1977 साली व्हॉयेजर अवकाशयानांवर तांब्याच्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकड्या चढवल्या. त्यांत आपल्याकडचं एकच गाणं आहे, केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी, साडेतीन मिनिटांची. रॉबर्ट ब्राउन या संगीताच्या अभ्यासकाने तिची शिफारस केली, आणि शोधाशोध केल्यावर ती न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय दुकानात सापडली. केसरबाईंना ध्वनिमुद्रणाचं फारसं कौतुक नव्हतं. व्हॉयेजर-1 5 सप्टेंबरला सुटलं आणि त्या 16 सप्टेंबरला गेल्या. ते यान 2012 साली सूर्याच्या प्रभावक्षेत्राच्या बाहेर पडलं. सोबत सुई दिलेली आहे, आणि ती कशी टेकवायची, तबकडीची एक फेरी किती वेळात व्हायला हवी, हे हायड्रोजनच्या अणूच्या हिशेबात वरच्या झाकणावर कोरून दिलंय. तिकडे कोणी भेटलंच, तर त्याला केसरबाई अचूक पट्टीत ऐकू येतील. पुण्यात अजून भांडण चालू आहे.